मे महिन्याच्या सुट्टीत बालगृहातच राहणाऱ्या मुलींसाठी काय करावे?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. सांगली जिल्ह्यातील मुलींच्या एका बालगृहात मी अधीक्षिका म्हणून काम पाहते. संस्थेत सहा ते अठरा वर्षे वयाच्या सुमारे चाळीस मुली आहेत. येत्या सुट्टीचे नियोजन करताना काही प्रश्न पडले आहेत. या क्षेत्रात काम केलेली, तसेच स्वतः संस्थेत वाढलेली मंडळीही येथे असल्यामुळे ते सविस्तर मांडते.

बालगृहातील सगळी मुले अनाथ असतात, असा बाहेर समज असतो. प्रत्यक्षात आमच्याकडील बहुतेक मुलींना आई किंवा वडील, निदान आजी किंवा मावशी तरी आहे. कोणाची आई ऊसतोडीला जाते, कोणाचे वडील वारल्यावर आईला एकटीने सांभाळणे जमेना, तर कोणाला घरी राहणे सुरक्षित नाही म्हणून बालकल्याण समितीने आमच्याकडे पाठवले आहे. परीक्षा संपली की ज्यांना समितीची परवानगी मिळते त्या मुली काही दिवस घरी जातात. त्या दोन-तीन दिवसांत कार्यालयाबाहेर पालक बसलेले असतात, नोंदवहीत सह्या होतात, पत्र्याच्या पेट्या उघडतात, आणि ज्यांना न्यायला कोणी येणार नाही त्या मुली कोणी न सांगताच जाणाऱ्यांच्या वेण्या घालून देतात. मग निम्मी संस्था रिकामी होते.

मागे राहणाऱ्या वीसएक मुलींत धाकटी पहिलीत आहे आणि थोरलीने बारावीची परीक्षा दिली आहे. शाळा नसते, शिकवणी नसते, आणि काळजीवाहक मावशींपैकी एकजण हक्काच्या रजेवर जाते, त्यामुळे माणसेही कमी. सकाळ कशीबशी निभते. दुपारी एक ते पाच मात्र अंगणात पाऊल टाकवत नाही असे ऊन असते, सभागृहात एकच दूरदर्शन संच आहे, आणि भांडणे, रडणे, जुनी उणीदुणी सगळे त्याच वेळात होते.

दुसरी अडचण देणगीदारांची. सुट्टीत मंडळांचे आणि वाढदिवस साजरे करणाऱ्या कुटुंबांचे दूरध्वनी वाढतात. त्यांचा हेतू चांगला असतो आणि संस्थेला मदतीची गरजही असते, म्हणून नाही म्हणवत नाही. परंतु केक, खाऊ, दोन गाणी, छायाचित्रे असा तासाभराचा कार्यक्रम आटोपून पाहुणे गेले की मुली अधिकच चिडचिड्या होतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

तेव्हा विचारायचे ते असे की, वयात एवढे अंतर असलेल्या मुलींसाठी दुपारचा वेळ कसा आखावा, कमी खर्चात जवळपास कोठे नेता येईल, सहलीसाठी कोणाची परवानगी लागते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना ‘बाळबोध’ वाटणार नाही असे काय देता येईल?

---

माजी परिविक्षा अधिकारी

ताई, आधी नियमांचे सांगतो, कारण सुट्टीतील कार्यक्रमांना ‘हौस’ समजून त्यावर खर्च नाकारणारे व्यवस्थापन मी बरेच पाहिले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली केंद्राने २०१६ मध्ये जे आदर्श नियम केले, त्यांत संस्थेच्या दिनक्रमात रविवार आणि सुट्टीच्या दिवसांसाठी विशेष कार्यक्रम असावेत असे म्हटले आहे. करमणुकीच्या सोयींमध्ये मैदानी व बैठे खेळ, संगीत, सहली, बागकाम आणि ग्रंथालय यांचा उल्लेख आहे. म्हणजे सहल ही कोणाची मेहेरबानी नव्हे. अंदाजपत्रकात तिच्यासाठी रक्कम धरा आणि व्यवस्थापन समितीपुढे नियमाचा आधार देऊन मांडा.

त्याच नियमांत सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा अशा तीन वयोगटांच्या बालसमित्या सांगितल्या आहेत. बहुतेक ठिकाणी त्या केवळ तपासणीच्या दिवसापुरत्या कागदावर असतात. आपण एप्रिलमध्येच तिन्ही गटांची वेगवेगळी बैठक घ्या आणि सुट्टीचा दिनक्रम त्यांच्याकडूनच लिहून घ्या. उठण्याची वेळ, दूरदर्शनचे कार्यक्रम, आठवड्यातून एका जेवणाचा बेत, एवढ्या गोष्टी जरी त्यांच्या हाती दिल्या तरी रिमोटवरची भांडणे ऐंशी टक्के त्यांच्या त्याच मिटवतात. बैठकीचे इतिवृत्त मुलींनीच लिहावे. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी तपासणी अधिकाऱ्याला तेच अधिक पटते.

सहलीबाबत आमच्याकडे पद्धत अशी होती : सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारी सहल असेल तर मुलींची यादी, सोबतच्या कर्मचाऱ्यांची नावे, वाहनाचा क्रमांक आणि परतीची वेळ बालकल्याण समितीला लेखी कळवायची, मुक्काम असेल तर आधी अर्ज करून लेखी परवानगी हातात आल्याशिवाय गाडी ठरवायची नाही. मुलींसोबत महिला कर्मचारी असलीच पाहिजे. विहीर, नदी, धरण, धबधबा ही ठिकाणे यादीतूनच वगळावीत. कितीही लक्ष ठेवले तरी वीस मुली पाण्यात उतरल्यावर दोन मावशी पुऱ्या पडत नाहीत.

देणगीदारांच्या छायाचित्रांविषयी मात्र मी कठोर आहे. अधिनियमाच्या ७४ व्या कलमानुसार बालगृहातील मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेले छायाचित्रही सुरक्षित समजू नये. ज्या घरातून मुलीला वाचवून आणले तेथील माणसाला तिचा ठावठिकाणा अशाच एखाद्या छायाचित्रावरून लागतो. ही सूचना मोठ्या अक्षरांत प्रवेशद्वारापाशी लावा, म्हणजे प्रत्येक पाहुण्याला तोंडी सांगून आपल्याला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

---

बिनघोर

मी मराठवाड्यातील मुलांच्या एका बालगृहात वाढलो. आता नोकरी करतो. त्यामुळे हा प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहून लिहितो आहे.

ज्यांना न्यायला कोणी येत नाही त्या मुलाला सुट्टीत सर्वांत जास्त बोचते ते मोठ्यांना दिसत नाही. कार्यक्रम कमी पडतात म्हणून आम्हाला वाईट वाटत नव्हते. घरी गेलेली मुले परत आल्यावर सांगायला त्यांच्याकडे खूप असायचे. आंबे, यात्रा, चुलतभावाचे लग्न, कुत्र्याची पिल्ले. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की बाई वर्गात ‘सुट्टी कशी घालवली’ यावर निबंध लिहायला सांगायच्या. आम्ही काहीजण मामाचे गाव सरळ रचून लिहायचो, आणि एकमेकांचे मामा वेगवेगळ्या गावचे असतील याची काळजीही घ्यायचो. तेव्हा सुट्टीचे नियोजन करताना एवढे जरूर पाहावे की, मागे राहिलेल्या प्रत्येक मुलीकडे जूनमध्ये खरे सांगण्यासारखे, तिचे स्वतःचे, एखादे तरी काही असावे. सगळ्यांना रांगेत बसवून दाखवलेला जादूचा प्रयोग तिचा ‘स्वतःचा’ होत नाही.

मला आठवणारी चांगली सुट्टी म्हणजे आमच्या सरांनी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली ती. पुस्तके झटकायची, फाटलेल्यांना खळीने कागद चिकटवायचा, वहीत नोंद करायची आणि कोणाला कोणते पुस्तक द्यायचे ते मी ठरवायचे. सुट्टीभर माझ्याकडे अधिकार होता. दुसऱ्या एका मुलाकडे सायकलचे पंक्चर काढण्याचे सामान होते, आणि पाण्याच्या पातेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कोठून येतात ते शोधताना त्याच्याभोवती आम्ही सगळे उकिडवे बसायचो. शिकवायला बाहेरचे कोणी आले नव्हते. आमच्या रखवालदार काकांनी त्याला दाखवले होते. प्रत्येक संस्थेत असा एखादा जाणकार कर्मचारी असतोच, त्याला कोणी विचारत नाही इतकेच.

वर सरांनी दिनक्रमाविषयी लिहिले आहे त्यात एक भर घालतो, थोडी विरोधाची. दिनक्रम मुलांनी ठरवला तरी तो सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत भरलेला नसावा. वर्षभर आम्ही घंटेवर उठतो, घंटेवर जेवतो, घंटेवर झोपतो. घरच्या मुलाला सुट्टीत काहीही न करता पडून राहण्याची जी मुभा असते ती संस्थेतील मुलालाही हवी असते. कंटाळा येऊ द्या. काही खेळ कंटाळ्यातूनच निघतात.

पाहुण्यांबद्दल : केक कापणाऱ्याचा वाढदिवस आणि टाळ्या वाजवणारे आम्ही, हे आम्हाला चांगले कळत असे. ज्यांना काही करायचे आहे त्यांनी महिन्याला एका मुलीचा वाढदिवस तिच्या नावाने साजरा करावा आणि स्वतः मागे उभे राहावे. ज्यांची जन्मतारीख कागदोपत्री अंदाजाने लिहिलेली आहे त्यांना हवा तो दिवस निवडू द्यावा.

---

चिंचेचा पार

मी सेवानिवृत्त शिक्षिका असून मिरजेत राहते. सुट्टीत मुलींच्या एका संस्थेत नियमित जाते, म्हणून दुपारच्या वेळेबद्दल आणि जवळच्या ठिकाणांबद्दल लिहिते.

‘बिनघोर’ यांचे म्हणणे मनापासून पटले, तरी मोकळ्या वेळेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या मुलींच्या मागे कठीण प्रसंग आहेत त्यांना पूर्ण रिकामी दुपार मोकळी वाटत नाही; नको त्या आठवणी त्याच वेळात वर येतात. म्हणून दुपार मोकळी असावी, परंतु हाताशी काहीतरी पसरलेले असावे. ज्या मुलीला हवे ती येईल, नको ती झोपेल.

मी सभागृहाच्या एका कोपऱ्यात सतरंजी घालून तेथे सागरगोटे, काचापाणी, पट आणि कवड्या, रद्दी, गोंद, कात्र्या आणि जुनी मासिके ठेवते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. त्यांतील निवडक कथांच्या छापील प्रती काढून शिवल्या तर चांगली पुस्तके होतात. मोठी मुलगी धाकटीला वाचून दाखवते, आणि हळूहळू त्यांचे हस्तलिखित सुरू होते. एका सुट्टीत मुलींनी संस्थेतल्या पदार्थांवर ‘टीकात्मक’ लेख लिहिला होता. त्यातील आमटीचे वर्णन वाचून स्वयंपाकीणबाई चार दिवस रुसल्या आणि पाचव्या दिवसापासून आमटी सुधारली.

वाळवणांचा कार्यक्रम मुलींना फार आवडतो. पहाटे गव्हाचा चीक शिजवायचा, ऊन तापायच्या आत गच्चीवर धोतराच्या पानावर कुरडया घालायच्या, साच्याचा दांडा फिरवायला दोघी-दोघींनी पाळी लावायची, आणि पातेल्याला लागलेल्या गरम चिकावर तूप-साखर घालून तेथेच खायचे. सोऱ्या फिरवताना सात वर्षांची मुलगी दांड्याला अक्षरशः लोंबकळते. यात एक पथ्य पाळावे लागते : काम हौसेचे राहिले पाहिजे. संस्थेच्या वर्षभराच्या पापडांचा बोजा मुलींवर पडू लागला की ती मजुरी झाली, आणि विक्रीसाठी तर मुळीच नको.

आता ठिकाणे. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब यांच्यापासून येथे तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा सुरू झाली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानांच्या ओट्यावर पंढरपूरकडून आलेले वाळलेले कडू भोपळे रचलेले असतात. कारागीर त्यांतला एखादा कापून आतला गर खरवडतो, लाकडी दांडी बसवतो, आणि शेवटी तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत जवारी काढतो तेव्हा मघाचा ठणठणीत आवाज गोल होत जातो. हा बदल कानांनी ओळखणे मुलींना एखाद्या कोड्यासारखे वाटते. आधी विचारून गेल्यास कारागीर मंडळी दाखवतात. मात्र एका वेळी सहा-सातच मुली न्याव्यात, म्हणजे प्रत्येकीला तार छेडता येते. खर्च फक्त एस.टी.चा, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलींना तेथेही अर्धे तिकीट.

दिवसभराच्या सहलीसाठी देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य योग्य आहे. उघड्याबोडक्या टेकड्यांवर माणसांनी झाडे लावून उभे केलेले ते जंगल आहे, हे आधी सांगून न्यावे. मग मुली हरणांइतक्याच उत्सुकतेने झाडांकडेही पाहतात. मे महिन्यात तेथे सकाळी लवकर पोहोचून दहा-साडेदहापर्यंत चालणे संपवावे, पिण्याचे पाणी पुरेसे सोबत न्यावे, आणि जेवून सावलीत विसावून परतावे.

मोठ्या मुलींसाठी माझा अनुभव असा की, त्यांना ‘उपक्रम’ नको असतात, व्यवहार हवा असतो. त्यांना टपाल कार्यालयात आणि बँकेत न्या. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते काढता येते. पावती त्यांनाच भरू द्या, चुकली तर दुसरी मागू द्या. आधार कार्डावरील चुकीचे नाव, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, ज्यांना लागू असेल त्यांचे अनाथ प्रमाणपत्र ही सगळी कागदपत्रे सुट्टीत मार्गी लावा, आणि अर्ज त्यांच्या हाताने लिहून घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेबाहेर पडणाऱ्या मुलीला ऐनवेळी एका दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या पाच खेपा घालाव्या लागतात, तेव्हा सोबतीला कोणी नसते. आठवडी बाजारात ठरावीक रक्कम देऊन सर्वांसाठी भाजी आणायलाही पाठवा, अर्थात मावशींबरोबर. भाव करायला शिकवावे लागत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

स्वयंसेवकांबाबत एकच अट ठेवा. महिनाभर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येईल त्यालाच घ्या. ओळखपत्राची प्रत ठेवा आणि कोणाही बाहेरच्या व्यक्तीला मुलीसोबत एकटे बसू देऊ नका, मग ती व्यक्ती कितीही प्रतिष्ठित असो.

---

मावशी

मी एका संस्थेत काळजीवाहक आहे. वरच्या सगळ्यांनी दिवसाचे लिहिले, मी रात्रीचे लिहिते. निम्म्या मुली गेल्यावर मोठ्या खोलीत मधल्या गाद्या रिकाम्या राहतात आणि धाकट्या मुली घाबरतात. काहींचे बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. त्यासाठी रागावू नये. उरलेल्या सगळ्यांच्या गाद्या एका खोलीत जवळजवळ घालाव्यात आणि शक्य असेल तर गच्चीवर झोपवावे, कर्मचाऱ्यासह. आमच्या मुली त्या दिवसांची वाट पाहतात.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ मुलींचे भाऊ मुलांच्या वेगळ्या बालगृहात असतात आणि वर्षवर्ष भेट होत नाही. शाळेच्या दिवसांत ते जमवणे अवघड असते, सुट्टीत जमते. दोन्ही अधीक्षकांनी बोलून एक पूर्ण दिवस भावंडांना एकत्र ठेवावे. सहलीला नेले नाही तरी चालेल, एवढे नक्की करावे. आमच्याकडे एक बहीण भावासाठी आठवडाभर आपल्या वाट्याची चिक्की साठवून ठेवते.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बालसमित्यांच्या बैठका या रविवारी घेते आहे, आणि मावशींनी सुचवल्याप्रमाणे भाऊ असलेल्या मुलींची यादी काढली तर ती सहाजणींची निघाली. मुलांच्या बालगृहाच्या अधीक्षकांशी बोलणे झाले असून त्यांची तयारी आहे. पाहुण्यांसाठीची सूचनाही लिहायला दिली आहे.

परिविक्षा अधिकारी सरांना एक विचारायचे राहिले. एका मुलीची आई आता एका ठिकाणी स्थिर झाली आहे, भाड्याची खोली घेतली आहे, आणि मुलीला संपूर्ण सुट्टीभर नेऊ इच्छिते. मुलगीही जायला उत्सुक आहे. आमच्याकडे मात्र सात दिवसांहून अधिक रजा मिळत नाही असे सांगितले जाते. हे बंधन खरोखरच आहे का?

---

माजी परिविक्षा अधिकारी

अधिनियमाच्या ९८ व्या कलमात परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, मृत्यू, पालकाचे गंभीर आजारपण अशा प्रसंगी समितीला रजा मंजूर करता येते असे म्हटले आहे, आणि मुदत एका वेळी ‘साधारणतः’ सात दिवसांपेक्षा जास्त नसावी, प्रवासाचे दिवस सोडून, असे शब्द आहेत. मुदत किती द्यायची हा निर्णय समितीचा. आपण आपल्या अधिकारात ना वाढवू शकता, ना अर्ज अडवून ठेवू शकता. म्हणून आईचा अर्ज आपल्या अभिप्रायासह समितीपुढे ठेवा.

परंतु माझ्या मते येथे रजेचा प्रश्न दुय्यम आहे. आई स्थिरावली असेल आणि मुलीची इच्छा असेल, तर तिला कायमची घरी पाठवता येईल का, हे पाहण्याची हीच वेळ आहे. नव्याने सामाजिक तपासणी अहवाल मागवा. खोलीत आणखी कोण राहते, आई कामावर असताना मुलगी कोणाजवळ असेल, जवळ शाळा आहे का, आणि ज्या कारणाने मुलगी संस्थेत आली ते कारण खरोखर संपले आहे का, हे सगळे त्यात आले पाहिजे. मुलीशी समुपदेशकांनी आईच्या गैरहजेरीत बोलावे. अहवाल अनुकूल आला तर आधी रजेवर पाठवा, मधल्या काळात एक गृहभेट करा, आणि मग समितीकडे पुनर्वसनाचा प्रस्ताव द्या. त्यासोबतच आईकडून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घ्या. पात्र ठरल्यास मुलीमागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यावा लागतो. शाळेचा दाखला जूनच्या पहिल्या आठवड्यात हलवता यावा यासाठी अहवालाचे पत्र मे महिना उजाडण्यापूर्वीच पाठवा.